धारेची आणि फळ्याची तिवई

शेणाचा वास साबणाने जातो, पण लाकडातून जायला ऊनही लागतं.

फळ्याच्या वरच्या कडेला कुणीतरी लिहिलेली एक तारीख कितीतरी दिवस तशीच राहिली होती, कारण तिथपर्यंत कुणाचा हातच पोचत नव्हता.

एक मुलगी सकाळी ज्यांना ‘आई’ म्हणायची, त्यांनाच न्याहारीनंतर ‘बाई’ म्हणायची.

करडी गाय अनोळखी हाताला दूध द्यायची नाही.

मेंदूला धक्का बसला की आधी नावं पळतात. शिव्या म्हणे शेवटपर्यंत टिकतात.

ओबडधोबड जमिनीवर चार पाय डुगडुगतात. तीन डुगडुगत नाहीत.

मित्रांनो, ही कसली विस्कटलेली सुरुवात, असं तुम्हाला वाटेल. काय करू, मला आठवतंच असं, तुकड्यातुकड्यांनी. मी एक जुनी तिवई आहे. बुटकी, जाड पाठीची, तीन पायांची. गोठ्यात धार काढायला माझ्यावर बसतात. पण मी शाळेतही गेलेली आहे. एका इयत्तेत नव्हे, सगळ्या इयत्तांत, आणि एकदाही नापास न होता.

मला घडवलं लंबू सुताराने. मोडलेल्या गाडीच्या फळीतून माझी पाठ कापली आणि वाळलेल्या फांदीतून पाय. काम करताना तो खिळे तोंडात धरून बोलायचा, त्यामुळे त्याचं निम्मं बोलणं मला अजून कळलेलं नाही. उरलेल्या निम्म्यात तो मला एवढंच म्हणाला, की गोठ्याची जमीन काही सरळ व्हायची नाही, तूच सांभाळून घे.

मी ज्यांच्या गोठ्यात आले त्यांना सगळे बाई म्हणत. त्या शाळेत शिकवायच्या, म्हणून बाई. घरी गाईगुरं होती, शेत होतं, सासूसासरे होते. नवऱ्याला मी मालक म्हणते, कारण गाई त्यांना तसंच समजायच्या. बाई उजाडता उजाडता गोठ्यात यायच्या, मला करडीच्या पोटाशी सरकवायच्या आणि तिच्या कुशीला कपाळ टेकून धार काढायच्या. त्या वेळी त्यांच्या तोंडात दिवसाचा पहिला धडा असायचा. करडीने सगळी बाराखडी आणि तीसपर्यंतचे पाढे ऐकलेले आहेत. तिची परीक्षा कुणी घेतली नाही, ही गोष्ट वेगळी.

शाळेतला फळाही लंबू सुतारानेच ठोकला होता. त्याने तो स्वतःच्या नजरेच्या उंचीला ठोकला. बाई त्याच्या खांद्यालाही लागत नव्हत्या. मुख्याध्यापकांनी त्याला फळा खाली घ्यायला सांगितलं, तर त्याला राग आला. फळा अगदी बरोबर आहे, बाईच बुटक्या आहेत, असं म्हणून तो पिशवी उचलून निघून गेला. मुख्याध्यापक ओशाळले. बाई मात्र मनापासून हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी मला सायकलच्या मागे बांधून शाळेत घेऊन गेल्या.

तेव्हापासून माझं रोजचं आयुष्य असं होतं: सकाळची धार, नळाखाली साबणाने आंघोळ, अंगणात थोडं ऊन, मग सायकलवरून शाळा. संध्याकाळी पुन्हा सायकल, पुन्हा धार. रात्री मी एका बाजूने गवताचा आणि दुसऱ्या बाजूने खडूचा वास देत पडलेली असायची.

सुरुवातीला बाईच माझ्यावर उभ्या राहून लिहायच्या. मग त्या मुलांना चढवू लागल्या. मुलं घाबरायची. माझ्यावर चढलं की सगळा वर्ग तुमच्याकडे बघतो ना. एकदा एक तोतरा मुलगा चढला आणि मागच्या बाकावर कुणीतरी फिदकन हसलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी त्या मुलाला सावकाश खाली उतरवलं, स्वतः चढल्या आणि म्हणाल्या, “तिवईवर जो असेल त्याला हसायचं नाही. हसूच येत असेल तर मला हसा. मी रोज चढते, मला सवय आहे.” मग त्या मुलाला पुन्हा चढवलं. तो बोलेपर्यंत सगळे थांबले. थांबणं हा त्या वर्गातला एक विषयच होऊन गेला.

मी माणसं वजनावरून ओळखते. ज्याला उत्तर येतं त्याचं वजन टाचांवर असतं, ज्याला येत नाही त्याचं चवड्यांवर. त्या गावातली निम्मीअधिक मुलं मला अशी पायांवरून पाठ आहेत.

एकीचे पाय मात्र मला शाळेत कधी लागले नाहीत. ती म्हणजे बाईंची लेक. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसायची नाही. ती बाईंच्याच वर्गात आली. वर्गात आई नाही, बाई म्हणायचं, हा नियम तिने पहिल्याच दिवशी पाठ केला. ती हात वर करायची. बाई दुसऱ्याकडे बघायच्या.

याचं कारण मला गोठ्यात कळलं. दूध घालायच्या रांगेत कुणीतरी बोललं होतं, की आता काय, पहिला नंबर बाईंच्या घरातच जाणार. बाईंनी ते ऐकलं. धार काढताना त्यांनी मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, लोकांच्या तोंडाला कुठे दावं बांधता येतं, सोडून दे. बाईंनी सोडलं नाही. कुणाला बोट दाखवायला जागाच राहू नये म्हणून त्यांनी आपल्या लेकीला एकदाही फळ्याशी बोलावलं नाही. बाई सगळ्यांशी इतक्या सरळ वागायच्या, की एकाच ठिकाणी वाकडं चाललंय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

एका संध्याकाळी भिंगरी गोठ्याच्या दाराला टेकून उभी राहिली.

“आई, उद्या मला बोलावशील?”

“वर्गातलं वर्गात विचारावं.”

“वर्गात तू बघतच नाहीस माझ्याकडे.”

धार चालूच होती. “तुला येतं, ते मला माहीत आहे गं.”

“मला कुठे माहीत आहे?” भिंगरी म्हणाली.

धार थांबली. माझ्यावरचं वजन क्षणभर पुढे झुकलं, जणू बाई उठणार होत्या. मग करडीने शेपटी झाडली आणि धार पुन्हा सुरू झाली. त्यानंतर भिंगरीने वर्गात हात वर केल्याचं मला आठवत नाही. ती शिकली, चांगल्या गुणांनी शिकली, शहरात एका कचेरीत लागली. तिथे म्हणे चार माणसांसमोर बोलायची वेळ आली की तिचे तळहात घामेजायचे. सुट्टीला यायची, आईला पाणी भरू लागायची, दुसऱ्या दिवशी बस धरायची.

(एक सांगायचं राहिलं. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला काचेच्या कपाटात ठेवायचं ठरवलं होतं. कपाट आणलंही होतं. बाई म्हणाल्या, “आणि संध्याकाळी मी धार कशावर बसून काढू? तुमच्या कपाटावर?” सगळे हसले. मी घरी आले. कौतुकातून मी अशी थोडक्यात वाचले.)

नंतरची वर्षं मी गोठ्यातच होते. शाळेत नवा फळा आला, पांढरा, खाली लावलेला. माझी आंघोळ बंद झाली. माझ्या एका पायाला कीड लागली आणि तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता, कारण घरात त्याहून मोठं काही घडलं होतं.

बाई न्याहारी करता करता खुर्चीतून कलंडल्या. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. दवाखान्यातून परत आल्या तेव्हा उजवा हात लुळा होता आणि शब्द गेले होते. अगदीच गेले नव्हते, पण जागा सोडून भलतीकडे जाऊन बसले होते. बाईंनी गोठ्यातल्या गाईकडे, करडीच्या नातीकडे, बोट दाखवलं आणि म्हणाल्या, “खिडकी.” शेजारीण हसली. वाईट मनाने नव्हे, पण हसली. बाईंनी ओठ मिटले ते मिटलेच.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की हे पहिले महिने महत्त्वाचे आहेत. बोलत राहिल्या तर बोलणं परत येईल. लाजून गप्प बसल्या तर कायमच्या गप्प होतील. भिंगरी रजा घेऊन आली. तिने चित्रांचे कागद आणले. कप, चमचा, झाड. बाई चित्राकडे बघायच्या, मग भिंतीकडे तोंड करायच्या. ज्यांनी सगळ्या गावाला बोलायला लावलं, त्यांना चमच्याचं नाव सांगायची लाज वाटत होती. मालक रोज विचारायचे, आज काही? भिंगरी मान हलवायची. रजा संपत आली होती.

एका सकाळी भिंगरीने आईला आरामखुर्चीत बसवून उन्हासाठी गोठ्यासमोर आणलं. मालक आत धार काढत होते, उलट्या बादलीवर बसून, कारण माझा पाय त्यांना भरवशाचा वाटत नव्हता. भिंगरीची नजर माझ्याकडे गेली. तिने मला उचललं, पदराने पुसलं आणि गोठ्याच्या काळ्या दारासमोर ठेवलं. मग ती आईकडे वळली.

“बाई,” ती म्हणाली, “मी येऊ?”

कितीतरी वर्षांत तिने आईला बाई म्हटलं नव्हतं. आरामखुर्चीतल्या माणसाची मान किंचित वर झाली. भिंगरी माझ्यावर चढली. मित्रांनो, मी तिचं वजन पहिल्यांदा पेललं. सगळं चवड्यांवर होतं. तिने चुन्याच्या खड्याने दारावर बादली काढली, कडीसकट, आणि मोठ्याने, वर्गात म्हणतात तसं म्हणाली, “हे झाड आहे.”

बाई दाराकडे बघत राहिल्या.

“हे झाड आहे,” ती पुन्हा म्हणाली. “याला पानं येतात. याच्यावर पाखरं बसतात.”

आरामखुर्ची करकरली. बाईंच्या घशातून काहीतरी घासत घासत वर आलं.

“प… परत,” त्या म्हणाल्या. “परत बघ.”

बाई वर्गात कुणाला चूक म्हणायच्या नाहीत. फळ्यावर काहीही दिव्य लिहिलेलं असो, त्या एवढंच म्हणायच्या: परत बघ. भिंगरीने ते रोज ऐकलं होतं, दुसऱ्यांसाठी. तिचं वजन अजून चवड्यांवरच होतं, पण ती उतरली नाही.

“बघितलं, बाई. मला झाडच दिसतंय. तुम्हीच सांगा.”

मग आम्ही सगळे थांबलो. आतली धारही थांबली.

“बा,” बाई म्हणाल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “बाद… ली.”

गोठ्यातून मालकांचा आवाज आला, जरा भिजलेला. “तरी बरं, पहिला शब्द मास्तरकीचाच निघाला. मला वाटलं होतं, आधी माझा उद्धार होईल.”

त्यानंतर रोज सकाळी गोठ्यासमोर शाळा भरू लागली. भिंगरीने रजा वाढवून घेतली. ती रोज माझ्यावर चढून नवी चूक करायची आणि बाई ती दुरुस्त करायच्या. सगळे शब्द परत आले नाहीत. ‘गाय’ तर कधीच आली नाही, ती शेवटपर्यंत खिडकीच राहिली. पण बाई गप्प झाल्या नाहीत, आणि हळूहळू माझ्यावरचं वजन चवड्यांवरून टाचांवर आलं.

पुढे एकदा बाईंचे जुने विद्यार्थी भेटायला आले. अंगण भरून गेलं. कुणी डॉक्टर, कुणी वाहनचालक, त्यांच्यात तो तोतरा मुलगाही होता, आता तो वकिली करत होता. बाईंनी बोलावं म्हणून सगळे शांत बसले. बाईंनी दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा शब्द अडला. त्यांनी शेजारी बसलेल्या लेकीचं मनगट धरलं आणि सगळ्यांना म्हणाल्या, “ही सांगेल. हिला येतं.”

भिंगरी उभी राहिली. ती काय बोलली ते मी सांगत बसत नाही. बाईंच्या शाळेविषयी बोलली, गोठ्याविषयी बोलली, लंबू सुताराच्या फळ्यावर तर सगळे पोट धरून हसले. मधे एकदा बाई म्हणाल्या, “परत बघ,” कारण तिने करडीचा रंग चुकवला होता. तिचे तळहात घामेजले की नाही ते मला माहीत नाही. मी दाराजवळ होते.

बाई त्या वर्षाच्या अखेरीस गेल्या, दुपारी, झोपेत. माझा कीड लागलेला पाय भिंगरीने बदलून घेतला आणि मला शहरात नेलं. तिथे गोठा नाही. मी तिच्या स्वयंपाकघरात असते, वरच्या फळीवरचे डबे काढायला.

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला फारसं काही मागायचं नाही. मला ओल्या जागी ठेवू नका, एवढं पुरे. पण तुमच्या घरात कुणाचे शब्द अडत असतील तर घाई करू नका, थांबा. आणि तुमच्या आसपास कुणी हात वर केला असेल, अगदी तुमच्या घरातलंच कुणी असलं तरी, त्याच्याकडे बघा. त्याला येतं हे तुम्हाला माहीत असून भागत नाही. ते त्यालाही कळावं लागतं.

बाई लग्न होऊन गावातल्या त्या घरात आल्या तेव्हा त्यांना धार काढता येत नव्हती. ती त्यांना सासूबाईंनी शिकवली, न हसता, थांबून.