पांढरी गोळी बंद झाली तेव्हा

"सुंदरबाई, ही पांढरी गोळी आजपासून बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि सुंदरबाईचे कान एकदम बधिर झाले.

डॉक्टरीणबाई पुढंही बोलत होत्या, पण त्यांचे नुसते ओठ हलताना दिसत होते. सुंदरबाईला ऐकू येत होतं ते चार वर्षांपूर्वीचं. नवऱ्याच्या, बजरंगच्या, खाटेशी उभा राहून दुसराच एक डॉक्टर म्हणाला होता, "औषधं बंद करू आता. घरी न्या." ट्रकवर राबलेला तो गडी घरी आणला आणि आठवडाही काढला नाही त्यानं. मागाहून हिचं रक्त तपासलं, तेव्हा कळलं की त्याची एचआयव्हीची लागण हिलाही झालीय.

तेव्हापासून बीडच्या या सेंटरची एकही वारी तिनं चुकवली नव्हती, एकही गोळी टाळली नव्हती. मग गोळी बंद का केली?

उमापूरला परतताना एसटीत कंडक्टर दोनदा ओरडला, तेव्हा कुठं तिनं तिकिटाला हात पुढं केला. ताप नाही, खोकला नाही, वजनही वाढलेलं. तरी डॉक्टरांनी हात टेकले म्हणजे आतून पारच पोखरलं असणार. आणि लेक राजनंदिनी तर आत्ता कुठं दहावीत!

थोरले दीर आप्पा पोरीसाठी एका बागायतदाराचं स्थळ धरून बसले होते. "शिकू द्या तिला," म्हणत सुंदरबाई दर वेळी टाळायची. आज दारात पाऊल टाकताच म्हणाली, "आप्पा, त्या पाहुण्यांना हो म्हणा. लवकर उरका."

आप्पा बघतच राहिले. जाऊ भिवराबाई चुलीपुढून उठून आली. "काय झालं गं?"

"डॉक्टरनं माझं औषध बंद केलंय."

राजनंदिनी वही टाकून पुढं आली. "आई, मला न्हाई करायचं लग्न."

"गप!" सुंदरबाई ओरडली. तो आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या गाडीनं परत बीडला गेली आणि डॉक्टरीणबाईंपुढं हात जोडले.

"म्याडम, पाया पडते. पोरीचं लगीन होईस्तोवर तरी गोळी चालू ठेवा. मग बंद करा."

डॉक्टरीणबाईंनी तिचे जोडलेले हात धरले. "तुम्ही मरणार असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमीच की! औषध बंद केलं न्हवं?"

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून तिच्याजवळ येऊन बसल्या. "नीट ऐका. अंगात ताकद नसते तेव्हा न्यूमोनियासारखे आजार आत शिरतात. त्यांना अडवायला ती गोळी होती. आता तुमच्या रक्तातल्या पेशी वाढल्यात आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघितलं तरी टिकून आहेत. तुमचं अंगच आता आजार अडवतंय. म्हणून ती नको. बाकीच्या गोळ्या मात्र जन्मभर. आणि पेशी घसरल्या तर हीसुद्धा पुन्हा सुरू करू."

"म्हंजे मी बरी हाय?"

"आजार गेलेला नाही. पण गोळ्या अशाच घेतल्या तर नातवंडं खेळवाल."

सुंदरबाईला ना रडू आलं ना हसू. कालच्यापेक्षा हा धक्का मोठा होता. चार वर्षं ती नुसती जायच्या तयारीत होती. फळ धरायला वर्षं लागतात म्हणून तिनं परसात आंब्याची कोयसुद्धा लावली नव्हती.

"मुलगी केवढी आहे तुमची?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पंधराची," ती म्हणाली, आणि आपण काल काय करून बसलो ते तिला तेव्हा कळलं. ती तशीच उठून बाहेरच्या फोनकडं पळाली.

"आप्पा, पाहुण्यांना कळवलं का?"

"सकाळीच. परवा येतेत सुपारी फोडायला."

"न्हाई म्हणून सांगा."

"आगं, शब्द दिलाय मी! आता तोंड कसं दाखवू? आन् तू गेल्यावर पोरीचं..."

"न्हाई जात मी, आप्पा. लई वर्सं न्हाई जात."

आप्पांनी फोन ठेवून दिला.

पाहुण्यांना नकार अखेर तिनंच दिला, त्यांच्या तोंडावर. ते चिडून निघून गेले आणि आप्पांनी दिवाळीपर्यंत तिच्याशी अबोला धरला. राजनंदिनी मार्चमध्ये परीक्षेला बसली. सुंदरबाई मात्र त्यानंतरही पुष्कळ दिवस सकाळी जाग आली की अंथरुणातच आढ्याकडं बघत पडून राहायची. एवढं सगळं आयुष्य पुढं पडलंय, हे काही केल्या तिच्या पचनी पडत नव्हतं.