शनिवारचा सत्कार

माझ्या मुलीचं, मनीषाचं, लग्न झालं ते दोन हजार तेवीस साल. पत्रिका द्यायला मी नवागामला धुडकू माळीच्या खोलीवर गेलो, चप्पल काढली, आणि एक पाय उंबऱ्याच्या आत टाकून तसाच थांबलो. समोरच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, काचेच्या फ्रेममध्ये माझं अक्षर टांगलेलं होतं.

"या अण्णा, बठा ना. उभा काब्र ऱ्हायनात?" धुडकूची बायको पुष्पाबाई म्हणाली. माझी नजर कुठे आहे ते पाहून ती हसली. "फ्रेम मी बनाडी. यास्नी तं घडी करीसन खिसामा कोंबेल व्हतं. कपडा धुवाले काढात तवय सापडनं. कागदले असं ठेवतस का कोनी, सत्कारना?"

तो कागद काय होता ते सांगतो.

पर्वत पाटियाच्या बाजूला एका लूमच्या कारखान्यात मी मास्तर होतो. मास्तर म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. आम्ही कारखान्याला खातं म्हणतो. शनिवारी पाळी बदलताना सफाईसाठी लूम बंद असायचे. तेवढ्या अर्ध्या तासात, पोटासाठी या गुजराती मुलखात आलेली आम्ही खान्देशी माणसं सत्कार करायचो. आमच्याकडं लग्नात नाव पुकारून टोपी, उपरणं, नारळ देतात, त्याचीच ही नक्कल. ज्याचं कापड तपासणीत सगळ्यांत खराब निघेल तो त्या आठवड्याचा सत्कारमूर्ती. रिकाम्या बॉबिनांचा हार, चिंधीचं उपरणं, नारळाऐवजी करवंटी. किसन नाव पुकारायचा, भटू मोबाईलवर शूटिंग करायचा. सुरू केलं होतं मीच.

आधी सगळ्यांची पाळी यायची. मग धुडकूचीच येऊ लागली, आठ महिने, जवळजवळ दर शनिवारी. हार घालून तो उभा राहायचा. आम्ही हसलो की तोही हसायचा. हसतोय म्हणजे त्याला चालतंय, असं आम्ही धरून चाललो.

मला अक्षरं पन्नाशीनंतर आली. मनीषानं शिकवली. नव्यानं शिकलेल्याला लिहायची खाज असते. एका शनिवारसाठी मी रंगीत किनारीचा कागद मुद्दाम विकत आणला आणि आयुष्यात पहिल्यांदा पानभर लिहिलं, मानपत्र. 'श्री. धुडकू चिंधा माळी, आपण आंधळ्यांचे राजे आहात. आपण विणलेलं कापड पोतेऱ्यालाही चालत नाही. आपण उद्या आला नाहीत तर लूमला कळणार नाही, आणि आम्हाला तर नाहीच नाही.' लोक हसून लोळले. शाबासकी मला मिळाली. कागद धुडकूच्या हातात दिला.

तोच कागद आता देवाशेजारी होता.

खोलीत पुष्पाबाईचा भाऊ आला होता, गावाहून. ती म्हणाली, "दादाले वाची दखाडा ना अण्णा. तुम्हीच लिखेल शे, असं या सांगेत. मले वाचता येत नही, यास्ले बी नही. आनि हाई योगिता, 'मग वाचसू, मग वाचसू' करी ऱ्हायनी."

योगिता त्यांची मुलगी, नववीतली. मोरीपाशी भांडी घासत होती. तिनं वर पाहिलं नाही.

धुडकू खाटेवर बसला होता. पुष्पाबाईनं त्याच्यापुढं स्टुलावर चहाचा कप ठेवला. त्याचा हात स्टुलावर सरकत गेला, कडेला लागला, मागं आला, आणि मग कपापर्यंत पोचला.

"साखर डोयामा उतरनी," पुष्पाबाई हळू आवाजात म्हणाली. "डावा डोयानी साल झायं दिसत नही. खातामा सांगू नका बरं अण्णा. काढी टाकतीन."

तुटलेला धागा त्याला दिसतच नव्हता. लूमचा आवाज बदलला की कुठला पेच ढिला झालाय ते मी दहा हातांवरून सांगायचो. हा माणूस अठरा वर्षं माझ्या डोळ्यांपुढं उभा होता.

मी फ्रेमसमोर गेलो. "श्री. धुडकू चिंधा माळी," एवढं खरं वाचलं. पुढं म्हणालो, "आपण मेहनती आहात. आपण प्रामाणिक आहात." आणि अडकलो. चांगलं सांगायला तिसरी गोष्ट माझ्याकडं नव्हती. निंदेला पान अपुरं पडलं होतं.

खाटेवरून आवाज आला. "खातामा पूर उना व्हता, त्यानं वाचा ना अण्णा. पुरनं लिखेल शे ना त्यामा."

मी वळून पाहिलं. धुडकूचं तोंड दाराकडं होतं.

"दोन हजार सहाच्या पुरात," मी फ्रेमकडं बघत म्हणालो, "खात्यात पाणी शिरलं, तेव्हा आपण छातीएवढ्या पाण्यात उतरून लूमच्या अकरा मोटरी खोलल्या आणि माळ्यावर..."

"चौदा," धुडकू म्हणाला.

"चौदा मोटरी माळ्यावर नेल्या."

"वा, दाजी!" मेव्हणा म्हणाला. "आमले तं कधी सांगं नही!"

पुष्पाबाईनं पदर डोळ्यांना लावला. त्या मोटरींची शाबासकी मालकानं मला दिली होती. मी घेतली होती. सतरा वर्षांत मी ते विसरूनही गेलो होतो.

पत्रिका ठेवून मी निघालो. गल्लीच्या तोंडाशी योगितानं मला गाठलं. हात अजून ओले होते.

"काका, तुम्ही वाचलं ते त्यात नाहीये."

"तू वाचलंस?"

"शाळा गुजराती असली तरी हिंदी आहे ना मला, अक्षरं तीच. पहिल्याच दिवशी वाचलं. पप्पांनी मला हात जोडले, मम्मीला सांगू नको म्हणून. बापाने पोरीला हात जोडले, काका." तिचा आवाज चढला नाही. "आमच्या शाळेत एका छोकरीला सगळ्या मिळून असंच करायच्या. तिने शाळा सोडली. मग सरांनी पेटी लावली, कोणी त्रास दिला तर चिठ्ठी टाका म्हणून. तुमच्या खात्यात चिठ्ठी कोणाकडे द्यायची? मास्तरकडे?"

घरी जाताना वाटेत मी पुन्हा एक रंगीत किनारीचा कागद घेतला.

चार दिवस खपून मी दुसरा कागद लिहिला. शनिवारी लूम थांबले. किसन बॉबिनांचा हार घेऊन तयारच होता. मी धुडकूला पुढं बोलावलं आणि वाचायला लागलो. पुराचं वाचलं. शाबासकी मी खाल्ली तेही वाचलं.

'चौदा मोटरी'ला हशा पिकला. किसन ओरडला, "चौदा? अरे याले चौदापावत मोजता तरी येतस का?"

"मी खरं वाचतोय रे!" मी म्हणालो.

आणखी हसले. भटू मोबाईल माझ्या तोंडाजवळ आणत म्हणाला, "अण्णा, ॲक्टिंग भारी शे! थोडं रडीसन बी दखाडा!"

तोच आवाज, तीच जागा, तोच शनिवार. माझ्या तोंडून खरं निघू शकतं हे कुणाला पटेना. मी धुडकूकडं पाहिलं. तोही हसत होता. ते हसू मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. नुसते ओठ ताणलेले होते.

त्यानं माझ्या हातातला कागद घेऊन चार घड्या केल्या. "ऱ्हाऊ द्या अण्णा. घरमा वाचं तेच बरं व्हतं. तठे कोनी हसनं नही."

आणि तो आपल्या लूमकडं गेला.

तेव्हा मी किसनच्या हातातला हार ओढून घेतला. म्हणालो, "आजपासून ज्याच्या हातात हे दिसेल, त्याच्या लूमला मी पान्हा लावणार नाही." सत्कार त्या एका वाक्यानं बंद झाला. आठ महिने ते वाक्य माझ्या हातात होतं.

धुडकूचा लूम मी दाराजवळच्या उजेडात हलवून घेतला. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. धुडकू माझ्याशी कामापुरतं बोलायचा, अण्णाच म्हणायचा. जेवायला मात्र डबा घेऊन भिंतीकडं तोंड करून बसायचा. मनीषाच्या लग्नाला पुष्पाबाई आणि योगिता आल्या. तो आला नाही.

धुडकू चिंधा माळी, वय एक्कावन्न, सोमवारी, पाच फेब्रुवारी दोन हजार चोवीसला, सकाळी नवागामच्या खोलीत साखरेच्या आजारानं वारला.