आफकेची अर्धी धार

आमच्या फ्रीसलंड या डच प्रांतात एखाद्या गाईचं जन्मभराचं दूध एक लाख लिटर झालं की तिच्या गळ्यात फुलांचा हार पडतो, शेजारीपाजारी गोड पाव खायला येतात आणि फाटकावर पाटी लागते. शेजारच्या सीत्सेच्या फाटकावर ती गेल्या वर्षी लागली. तेव्हापासून माझ्या नवऱ्याच्या, विब्रेनच्या, पोटात दुखतंय.

आमची आफके नवव्यांदा व्याली तेव्हा लाखाला फक्त चारशे लिटर कमी होते. विब्रेनने लगेच फुलांची ऑर्डर देऊन टाकली.

"अरे, आधी वासरामागची वार तरी पडू दे," मी म्हटलं.

वार पडलीच नाही. आत अडकली, सडली आणि आफकेला ताप भरला. एक प्रतिजैविक झालं, दुसरं झालं, तरी ताप साडेचाळीस अंश सेल्सिअसच. ती चाऱ्याकडे पाठ करून उभी राहायची. दूध मात्र देत होती, आणि विब्रेन दोन्ही वेळा शेवटच्या थेंबापर्यंत काढत होता. लिटर मोजायची घाई होती ना साहेबांना!

पाचव्या दिवशी आमची पशुवैद्य डाउत्सेन आली. तिने आफकेच्या शेपटीतून थेंबभर रक्त काढून पट्टीवर तपासलं आणि विब्रेनकडे रोखून बघितलं.

"औषध बदल," विब्रेन म्हणाला. "चांगलं जालीम दे."

"औषध एकटं नाही लढत, विब्रेन. तिच्या रक्तातल्या पेशींनाही लढायला साखर लागते. ही खात नाहीये, अंगावरची चरबी जाळतेय. जी काही साखर तयार होते ती कासेत जाते, आणि तिथून तू काढून नेतोस. पेशींनी उपाशीपोटी लढायचं?"

"मग करू काय?"

"हे गोड औषध रोज तोंडातून पाज. आणि धार दिवसातून एकदाच काढ. तीही अर्धी."

"अर्धी? भरली कास तशीच सोडू? आमच्या सात पिढ्यांत कुणी असलं केलं नाही!"

डाउत्सेन गेली. संध्याकाळी बघते तर हा नेहमीसारखा आफकेला यंत्र लावून उभा! माझं डोकंच फिरलं.

"ती फुलं मेलेली जनावरं न्यायच्या गाडीत टाक," मी ओरडले. "हार तिथेच घाल तिला!"

आफकेचे मागचे पाय थरथरत होते, तरी नळीतून दूध येतच होतं. मागेल त्याला देत राहायचं, एवढंच त्या बिचारीला ठाऊक. विब्रेन तिच्या पायांकडे बघत राहिला. मग खाली वाकला आणि सडांवरून यंत्राचा एकेक कप काढून घेतला.

"बास," तो तिला म्हणाला. "बास झालं, बाई."

मला रडूच आलं.

दोन दिवस काही फरक पडला नाही. मी मनातून खचले होते. तिसऱ्या सकाळी ताप एकोणचाळीसवर, म्हणजे गाईच्या नेहमीच्या तापमानावर आला. पाचव्या सकाळी आफकेने शेजारच्या धटिंगण कालवडीला डोक्याने ढकललं आणि तिच्यापुढच्या चाऱ्यात तोंड खुपसलं. खाण्याचा तो कराकरा आवाज ऐकून विब्रेन पालथ्या बादलीवर मटकन बसला.

दुपारी डाउत्सेनचा फोन आला. ताप उतरलाय, खातेय, तर आता पूर्ण धार काढायला हरकत नाही, म्हणाली. मी विब्रेनला सांगितलं.

"उद्या बघू," तो आफकेपुढे चारा सारत म्हणाला. "आज तिला स्वतःसाठी खाऊ दे."