मागची बाजू आधी

उघडणे.

जेवण झालं की ती खोलीत जाऊन कॉम्प्युटर उघडायची. पडद्यावर कार्ड यायचं: समोर जपानी क्रियापद, मागे अर्थ. आठवलं की नाही, हे ज्याचं त्यानं सांगायचं. ती आधी मागची बाजू बघायची, हे तर येतच होतं म्हणायची आणि ‘सोपं’ लिहिलेलं बटण दाबायची. बिचारा प्रोग्राम विश्वास ठेवायचा.

सांभाळणे.

बाहेर वहिनी एकटीच भांडी घासायची. नणंदेला ओट्याकडे फिरकू द्यायची नाही. नणंद कामाला होती त्या छापखान्यात कागद कापायचं जपानी मशीन येणार होतं. भाषा येणाऱ्याला घडी घालायच्या टेबलावरून उठवून ऑफिसात बसवू, असं मॅनेजर म्हणाला होता. दादा एकदा कुरकुरला, तर वहिनीनं त्याच्याच हातात फडकं दिलं.

लिहिणे.

हे तर तिला फारच छान जमायचं. म्हणजे, उच्चार टाईप केला की कॉम्प्युटर अक्षरं पुढे करायचा आणि ती त्यांतलं हवं ते उचलायची. भाजी निवडावी तसं.

थांबणे.

मशीन आलं, मागोमाग जपानी मेकॅनिक. सुरुवातीला हसण्यावर आणि मान डोलावण्यावर निभावलं. मग मेन स्विच बंद करून तो पात्याखाली शिरला, कोपरापर्यंत ग्रीस. त्याचा जपानी जोडीदार जेवून परतायचा होता. स्विचवर त्याच्यासाठी पाटी हवी होती: काम चालू आहे, बटण दाबू नको. एवढं तिला कळलं, तेही हातवाऱ्यांवरून.

मॅनेजरनं पुठ्ठा आणि मार्कर तिच्यापुढे धरला.

“हं, जपानीणबाई,” बाइंडिंगवाला म्हणाला, “होऊ द्या.”

. . . . . .

शब्द तोंडात होता. अक्षर समोर आलं असतं तर तिनं ते गर्दीतही ओळखलं असतं. पण कोरा पुठ्ठा काहीच पुढे करेना. फोन काढावा, तर सगळे बघत होते. तिनं एक आडवी रेघ मारली. मग एक उभी. मग त्याच दोन रेघा गिरवत राहिली.

मेकॅनिक बाहेर आला. पुठ्ठा उलटा करून त्यानं ग्रीसच्या बोटानंच दोन ओळी लिहिल्या, पाटी टांगली आणि तिच्याकडे न बघता परत आत शिरला. बाइंडिंगवालासुद्धा आपल्या टेबलाकडे वळला.

घासणे.

घरी आली तर वहिनी सांगत होती, शेजारच्या काकूंना म्हटलंय, आमची आता ऑफिसात बसणार. तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. तिनं सगळं सांगून टाकलं, पुठ्ठ्याचं, ‘सोपं’च्या बटणाचंसुद्धा.

वहिनीचे हात भांड्यांवर चालूच होते.

“मग इतके दिवस तू आत काय करत होतीस गं?”

रागानं विचारलं असतं तर भांडता आलं असतं. वहिनी खरंच विचारत होती.

तिनं बाह्या दुमडल्या. आज वहिनी नको म्हणाली नाही. जराशी बाजूला सरकली, एवढंच.