खळग्याचा तळ

क्लॉडिया रेडीच्या शाळेत शिकवायची. तिचा भाऊ डायलन लिस्बनला होता, आणि बरेच दिवस तो फोनवर एकच मागत होता: किल्ल्याखालच्या खडकांत ओहोटीला पाणी साचतं, त्या खळग्याचा फोटो. लहानपणी दोघं तिथे पालथी पडून मासे बघत बसायची.

क्लॉडियाने दोन-चारदा फोटो काढले. दरवेळी पाण्यावर नुसतं पांढरं आभाळ.

शेवटी ती सावंतवाडीला गेली, शंकरच्या कॅमेऱ्याच्या दुकानात. फोटो बघून तो म्हणाला, "लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावा, पाण्यावरची चमक जाईल. लेन्सचं माप काय?"

तिला माहीत नव्हतं. त्याने लेन्सचं झाकण उलटं करून आतला आकडा दाखवला. "फिल्टरवर हाच आकडा हवा. आणि त्यातला सर्क्युलर प्रकारच घ्या, नाहीतर ऑटोफोकस गोंधळतो."

त्याने दोन फिल्टर पुढे ठेवले. एकाची कडी अडकत फिरत होती. दुसऱ्याची सहज फिरली. मोबाइलसमोर धरून फिरवल्यावर त्यातून स्क्रीन काळी दिसत गेली. क्लॉडियाने तोच घेतला.

"सूर्य बाजूला ठेवा, पाण्याकडे तिरकं बघा आणि कडी हळूहळू फिरवा," शंकर म्हणाला.

रविवारी चर्चमधली मिसा आटोपल्यावर तिने माय सिसिलियालाही बरोबर नेलं. पप्पा गेल्यापासून माय त्या बाजूला फिरकली नव्हती. गुडघ्यांच्या नावाने कुरकुरत ती खडकावर बसली.

आधी काहीच फरक पडेना. मग क्लॉडियाच्या लक्षात आलं, सूर्य पाठीशी होता. ती वळसा घालून पलीकडे गेली, उकिडवी बसली आणि कडी फिरवली. पाण्यावरची चकाकी ओसरली. खाली हिरवं शेवाळ, एक खेकडा आणि दगडाच्या सावलीला थरथरणारे बोटभर मासे.

"माय, हय येऊन बघ."

सिसिलियाने कॅमेऱ्याला डोळा लावला तो बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाली, "ह्या दाखवूक तुज्या पप्पाक छत्री धरूची लागा."

क्लॉडियाला ती काळी छत्री आठवली. पप्पा वाकून उभे असायचे आणि सावली बरोब्बर पाण्यावर पडायची.

"आमका ऊन लागता म्हणान धरायचे ना?"

"उन्हाचा कोणाक पडलेला? तुमका मासे दिसाक होये म्हणान."

तसं वाकून छत्री धरताना पप्पांचा हात किती अवघडत असेल, हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं.

मायने कॅमेरा लगेच परत दिला नाही. कडी फिरवून ती चमक घालवत होती, परत आणत होती, आणि लग्न होऊन रेडीला आली तेव्हाचं सांगत होती. भरतीचं पाणी खळग्यात शिरेपर्यंत दोघी तिथेच होत्या. फोटो मात्र क्लॉडियाने मध्येच कॅमेरा मागून घेऊन काढला.

फोटो पाठवल्यावर संध्याकाळी डायलनचा फोन आला. फोटोबद्दल तो फार बोलला नाही. म्हणाला, मे महिन्यात येतो.

"किती दिवस रवतलस?" मायने लगेच विचारलं.