पाच इंच कमी

मित्रांनो, शिलाई मशीनच्या बाजूला खिळ्यावर एक पिवळी पडलेली पट्टी लोंबकळतेय, दिसली का? ती मी. मी एक जुनी टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात असते ती, मापं घ्यायची. तुम्ही नीट पाहिलंत तर तुमच्या लक्षात येईल की माझ्यावर एक, दोन, तीन, चार हे आकडेच नाहीत. माझी सुरुवातच पाचापासून होते. हसू नका! त्यामागे एक गोष्ट आहे, आणि माझ्या घरातल्या माणसांचा मोठेपणा तुम्हाला कळावा म्हणून मी ती सांगणार आहे.

मेणकापडाच्या एका रुंद ताग्यातून मी आणि माझ्या शेकडो बहिणी एकाच दिवशी कापल्या गेलो. एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर आणि दोन्ही टोकांना चकचकीत पितळी टोप्या. मोजून साठ इंच, म्हणजे पाच फूट. मास्तरांनी मला विकत घेतलं तेव्हा आधी दुकानातल्या लाकडी पट्टीवर ताणून पाहिलं. नुसत्या छापील आकड्यांवर विश्वास ठेवणारा तो माणूसच नव्हे. मास्तरांच्या हातचा कोट म्हणजे कोट! खांद्यावर सुरकुती दाखवा आणि पैसे परत घेऊन जा, असं ते छातीठोकपणे सांगायचे.

त्यांची सून घरात आली तेव्हा तिला साधं काजही करता येत नव्हतं. गिऱ्हाईकं तिला ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणते. लग्नाला महिना झाला असेल नसेल. मास्तरांनी आखून दिलेला एक कोट ताई कापायला बसली. मी नेमकी कापडाखाली पडलेली, तिला दिसलेच नाही. खचकन कात्री फिरली आणि माझे पहिले पाच इंच टोपीसकट वेगळे झाले! ताईचे डोळे भरून आले. मास्तरांचा राग सगळ्या गल्लीला ठाऊक होता.

मास्तरांनी मला उचललं, तुटलेलं टोक निरखलं आणि म्हणाले, "कापड वाचलं ना? मग झालं तर. आजपासून वाचायचं आणि पाच वजा करायचे. डोक्याला तेवढाच व्यायाम."

नवी टेप त्यांनी आणलीच नाही. आणली असती तर सुनेला ती रोज टोचली असती, हे त्यांनी ओळखलं. तेव्हापासून या घरात सदतीस वाचलं की बत्तीस लिहायचं, अशी सवय सगळ्यांच्या हाताला पडली. मीही मग लाज सोडली. उलट सांगते, या पाच इंच कमी असलेल्या टेपवर ताईने जे कपडे शिवले, त्यांच्या मापावर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही.

पुढे मास्तरांचा मुलगा, म्हणजे ताईचा नवरा, ऐन उमेदीत गेला. मास्तरांची नजर अधू झाली, दुकान सुटलं. ताईने दोन्ही मशीनं दुसऱ्या मजल्यावरच्या या राहत्या फ्लॅटमध्ये आणली, खिडकीपाशी मांडली आणि पदर खोचून कामाला लागली. मुलीचं शिक्षण, मास्तरांची औषधं, सगळं त्या दोन मशीनांवर. तिला रडत बसलेलं मी एकदाही पाहिलं नाही. वेळच नव्हता बिचारीला.

मग एके दिवशी समोरच्या इमारतीत एका घरात वायर जळून आग लागली. माणसं वाचली, पण घर कोळसा झालं. ताई खिडकीतून पाहत होती आणि मी तिच्या गळ्यात होते. तिचं काळीज कसं धडधडत होतं, ते मला कळत होतं. "आपलं असं झालं तर उद्या काय करायचं गं?" ती मुलीला म्हणाली. त्याच आठवड्यात तिने घराचा विमा काढायचं मनावर घेतलं.

विमा म्हणजे श्रीमंतांचं काम, असं शेजारणी म्हणाल्या. पहिल्या एजंटने फ्लॅट विकला तर जी किंमत येईल, त्या किमतीवर हप्ता सांगितला. ऐकूनच घाम फुटावा! दुसरा गोडबोल्या होता. तो म्हणाला, "ताई, घरात शिवणकाम चालतं हे लिहूच नका. स्वस्तात होऊन जाईल. कोण बघायला येतंय?"

"नुकसान झालं की बघायला येतीलच की! तेव्हा मशीनं काय पलंगाखाली लपवू?" ताईने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तिसऱ्या ठिकाणी, एका छोट्या विमा कार्यालयात, चष्मेवाल्या मॅडम भेटल्या. त्यांनी नीट समजावलं. घर विकायची किंमत धरायची नाही, पडलं तर पुन्हा बांधायला किती लागेल ते धरायचं. बारीकसारीक नुकसान आपणच सोसू असं मान्य केलं की हप्ता आणखी उतरतो. कागदावरच्या क्षेत्रफळात जिन्याचा वाटाही धरलेला असतो, म्हणून भिंतींच्या आतलं माप घेऊन या. आणि शिवणकाम, मशीनं, गिऱ्हाइकांचं कापड, सगळं खरं खरं लिहा.

झालं! दुपारी ताई गुडघ्यावर बसून मला जमिनीवर टाकत निघाली आणि मुलगी वहीत लिहू लागली. एक टेप, दोन टेप, तीन टेप. "टेप म्हणजे पाच फूट ना गं आई?" मुलीने विचारलं. "हो," ताई म्हणाली, तिचं लक्ष भिंतीच्या कोपऱ्याकडे होतं. अहो, पाच फूट कुठली? माझे पाच इंच तर केव्हाच गेलेले! अंगाचं माप असतं तर तिने झोपेतही पाच वजा केले असते. पण घराचं माप तिने जन्मात कधी घेतलं नव्हतं. मी आतल्या आत ओरडत होते, पण टेपला तोंड कुठलं असायला? दर वेळी पाच इंच, लांबीतही आणि रुंदीतही. पाचशे चौरस फुटांचं घर वहीत सहाशेचं झालं.

हप्त्याचा आकडा आला तो ताईच्या ताकदीच्या जरासा वर. जराशानेच, पण वरच. संध्याकाळी ती यादी पुढे घेऊन बसली. शेवटी तिने पेन उचललं, जुन्या मशीनवर काट मारायला. तेच मशीन, ज्यावर मास्तरांनी तिला शिकवलं.

पलंगावरून मास्तर म्हणाले, "काय काय लिहिलंस, वाच बघू."

"हॉल, पंधरा फूट..."

"पंधरा? सूनबाई, या हॉलचा पडदा मी शिवलाय. पावणेचौदा फुटांच्या वर एक बोटही नाही तो. आण ती टेप इकडे." माझ्या तुटक्या टोकावरून त्यांनी बोटं फिरवली आणि खो खो हसत सुटले. "हिचे पाच इंच कुणी खाल्ले, आठवतंय का?"

ताईने कपाळावर हात मारला. लाजून लाल झाली नुसती! मग मायलेकींनी सगळं घर पुन्हा मोजलं, या वेळी पाच वजा करून.

पण आता कार्यालयात जाऊन काय सांगायचं? हप्ता पाहिल्यावर माप कमी करून आणणारे काय थोडे असतात? मास्तरांनी बटणांचा डबा मागवला, चाचपून तळातून एक चिंधीची पुरचुंडी काढली आणि ताईच्या हातावर ठेवली. त्यात माझे पाच इंच होते, पितळी टोपीसकट. एकोणीस वर्षं जपलेले.  ताईने मास्तरांच्या पायांवर डोकं टेकवलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलावर माझे दोन्ही तुकडे जोडून ठेवले गेले आणि ताईने सगळी हकिगत सांगितली. मॅडमनी चष्मा पुसला. "इतकं सरळ माणूस या खुर्चीत फार दिवसांनी बसलं," त्या म्हणाल्या. नवा आकडा ताईच्या आवाक्यात बसला, तोही एकाही ओळीवर काट न मारता. मुलीने गंमत म्हणून यादीच्या तळाशी लिहिलं होतं: जुनी टेप, एक.

वर्ष झालं नसेल, तोच वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला. मास्तरांना घेऊन मायलेकी दवाखान्यात गेल्या होत्या, घरात कुणी नव्हतं. छताचा गिलावा कोसळला, जुन्या मशीनची मोटर जळाली, गिऱ्हाइकांचं कापड भिजून वाया गेलं. मीही दिवसभर पाण्यात होते. माझे आकडे फिके पडले ते तेव्हाच. नुकसान बघायला आलेल्या साहेबांनी लाल उजेडाच्या यंत्राने खोल्या मोजल्या, यादीतली एकेक वस्तू पाहिली आणि मान डोलावली. माप बोटभरही चुकलं नव्हतं. शिवणकाम आधीच लिहिलेलं होतं, म्हणून हुज्जत नाही. छत नवं झालं, मोटर नवी आली, गिऱ्हाइकांना त्यांच्या कापडाचे पैसे मिळाले. ताईचं काम जेमतेम तीन आठवडे थांबलं. त्या गोडबोल्याचं ऐकलं असतं तर? विचार करूनच माझ्या अंगावर काटा येतो.

मित्रांनो, तुमच्या घराची काळजी घ्या, त्याचं माप खरं सांगा. आपल्यात जे पाच इंच कमी आहेत, ते कमी आहेत म्हणून सांगायला लाजू नका. मी लाजले नाही, माझं काही बिघडलं नाही.

यादीत माझं नाव होतं ना, म्हणून ताईने माझ्याही जागी नवी टेप आणली. चांगली साठ इंच, या टोपीपासून त्या टोपीपर्यंत. आता तीच तिच्या गळ्यात असते आणि मी खिळ्यावरून बघते. गिऱ्हाईक आलं की ताई ती नवी टेप उचलते, पाचाच्या आकड्यावर बोट धरते, माप वाचते आणि पाच वजा करते. मुलगीही तसंच करते. नव्या टेपचे पहिले पाच इंच अजून कोरे करकरीत आहेत. ते या घरात कुणीच वापरत नाही.