सरळ रेघ

डॉक्टरीणबाईंचे नियम मोजकेच होते, पण ते पाळायला माणूस जवळजवळ मेलेला असावा लागे. सकाळी जाग आली की उठायचं नाही. बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, कूससुद्धा बदलायची नाही. थर्मामीटर जिभेखाली ठेवून टीं वाजेपर्यंत निपचित पडायचं. रोज त्याच वेळी, सुट्टीलाही. मग आकडा तक्त्यावर मांडायचा. महिन्याच्या मध्यावर रेघ जराशी चढून वरच राहिली, तर बीज सुटलं. नाही चढली, तर गोळ्या, आणि गोळ्यांनी भागलं नाही तर सुया.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती की नातेवाइकांनी विचारणं सोडलं होतं. ते विचारण्यापेक्षा वाईट होतं. ती दिवसभर दुकानात लोकांच्या पँटींच्या झिपा बदलायची आणि घरी येऊन उद्या सकाळी हलायचं नाही, या विचारानं आणखी दमायची.

चष्म्याशिवाय तिला नवराही अंदाजानेच ओळखू यायचा. चष्मा उशाशी ठेवला तर ती झोपेत त्याच्यावर लोळायची, म्हणून तो खिडकीत. त्यामुळे थर्मामीटर तोंडात देणं आणि आकडा वाचणं ही कामं नवऱ्याची. माणूस त्यातलाच होता. बटाट्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तापमान सांभाळायचा.

"किती?"

"सत्त्याण्णव पॉइंट तीन."

रोज तेच. कधी दोन, कधी चार, की पुन्हा तीन. महिना संपत आला आणि तक्त्यावर इतकी सरळ रेघ उमटली की पट्टी धरून मारल्यासारखी. दुकानात शिवण एवढी सरळ आली असती तर तिनं कौतुक केलं असतं. इथं मात्र ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

डॉक्टरीणबाईंकडे जायच्या दिवशी नवरा रात्रपाळीहून परतला नव्हता. थर्मामीटर सासूबाईंनी दिला. मोतीबिंदू काढल्यापासून त्या घरातलं सगळं वाचायच्या, साबणाच्या वेष्टनावरचं बारीकसुद्धा.

"अठ्ठ्याण्णव," त्या म्हणाल्या. "अगं, तापलीयेस की काय?"

"आई, नीट बघा."

"नीटच बघतेय. डोळे नवे आहेत माझे. तुझे आहेत का?"

तेवढ्यात नवरा आला. अंगाला गार पोत्यांचा वास, डोळे अर्धे मिटलेले.

"तू काल किती सांगितलंस?" तिनं पडल्यापडल्याच विचारलं.

"सत्त्याण्णव पॉइंट तीन."

"आणि होतं किती?"

त्यानं एक मोजा काढला. दुसरा काढायला फार वेळ लावला.

"पॉइंट नऊ."

"मग तीन कुठून आणलेस?"

"आधीचेच. दहा-बारा दिवस चढलेलंच आहे. म्हटलं, तू घाबरशील. गोदामात आकडा चढला की आम्ही बोभाटा करत नाही, आधी उतरवतो."

"म्हणून पंखा—"

"पाचावर. आणि पांघरूण काढून चादर दिली."

"खिडकीही उघडली होती यानं," सासूबाई म्हणाल्या. "पलीकडच्या खोलीत मी बटाट्यासारखी टिकून राहिले."

तिला चिडायचं होतं. पण चिडायला उठून बसावं लागलं असतं, आणि तेवढं त्राण नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. तक्ता सरळ धरला, मग आडवा.

"पंखा, खिडकी आणि नवरा. यातलं मी काय खरं धरू?"

"पण चढला होता," ती म्हणाली.

"चढला असेल. तसं असेल तर चांगलंच आहे. पण मला कागदावर दिसू दे. आणखी एक महिना मोजा. तोवर गोळ्या नकोत."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर नवरा थांबला.

"म्हणजे चढायला हवं होतं?"

"हो."

"मला वाटलं, सरळ म्हणजे चांगलं."

"तुला कोण म्हणालं?"

"कुणीच काही म्हणालं नाही. तू नुसती विचारायचीस, किती."

हे खरं होतं. थर्मामीटर कसा धरायचा, कधी काढायचा, श्वास कुठून घ्यायचा, सगळं तिनं त्याला दहादा सांगितलं होतं. कशासाठी, ते सांगायची तिला लाज वाटली होती, आणि नंतर कंटाळा आला होता. दोघं पायरीवर बसली. येणारेजाणारे त्यांना वळसा घालून जात होते. तिनं बीज, रेघ, चढ, सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि तो नव्या यंत्राची तक्रार ऐकावी तसा मान खाली घालून ऐकत राहिला.

"आणि चढल्यावर उतरतं कधी?"

"पाळी यायच्या सुमारास."

"आणि नाही उतरलं तर?"

"नाही उतरलं तर बरं."

त्यानं बोटांवर दिवस मोजले.

"मग पंखा बंदच ठेवतो," तो म्हणाला.

"एकावर ठेव. उकडतं," ती म्हणाली, आणि उठण्यासाठी तिनं त्याच्या खांद्यावर सगळा भार टाकला.